सात फुल्या

वीस वांगी कोरून झाली होती, अठरा उरली होती, तेवढ्यात फोन वाजला. विदादने कोरणी अर्ध्या वांग्यात तशीच खुपसून ठेवली, ओले हात झग्याला पुसले आणि फोन कानाला लावला. पलीकडे नवरा होता, वगीह. तो मिन्या स्टेशनजवळच्या सिग्नलच्या केबिनमध्ये नोकरीला आहे, आणि घरच्या माणसांशीही गाडीची वेळ सांगावी तसंच बोलतो.

"तारीख आली. बुधवार. असयूत. साडेअकरा."

"केमिस्ट्रीच ना?"

"केमिस्ट्री. मुलगी आणि एक पालक. मला सुट्टी नाही. तू जा."

फोन ठेवून विदादने छातीवर क्रूसाची खूण केली आणि पुन्हा खाली बसली, पण कोरणी काही हातात घेतली नाही. समोर शेजारची उम्म करीम तांदळात टोमॅटो आणि शेपू कालवत होती. तिने मान वर न करता विचारलं, "काय गं, डॉक्टरीणबाईंच्या आई? बोलावलं?"

"बोलावलं. उत्तरपत्रिका दाखवणार आहेत."

"मग मी काय म्हणत होते? पेपर तपासणाऱ्या मशीनचं डोकं फिरलेलं असणार. माझ्या पुतण्याला अरबीत नापास केलं होतं. अरबीत! जो झोपेतसुद्धा तोंड मिटत नाही, त्याला!"

विदाद हसली. निकालापासूनच्या दोन आठवड्यांत ती पहिल्यांदाच हसली असेल.

मेडिकलच्या प्रवेशाची रेषा लागली तेव्हा तिची मुलगी इरीनी पाच गुणांनी खाली राहिली होती. बाकी सगळे विषय भरून आले होते. एकट्या केमिस्ट्रीने घात केला, आणि केमिस्ट्री तर तिचा हातचा विषय. शिकवणीचे सर इतर मुलांना म्हणायचे, मी आलो नाही तर इरीनीला विचारा. म्हणून शुल्क भरून हरकत घेतली होती. पत्रिकेत मशीनची चूक निघाली तर गुण वाढतील, आणि वाढले तर जागा मिळेल. नाही निघाली तर संपलं. पास झालेल्याला पुन्हा परीक्षेला बसता येत नाही.

कुमारी मातेचा पंधरा दिवसांचा उपास सुरू होता. बाकीचे लोक या दिवसांत दूधदुभतं आणि मांस सोडतात, विदादने तेलही सोडलं होतं. पाणी-मिठाचा उपास. त्या दिवशीची भरली वांगी वगीह आणि इरीनीसाठी होती. तिच्या स्वतःच्या ताटात भाकरी, काकडी आणि मिठात उकडलेला पावटा. कुमारी आईला तिने सांगून टाकलं होतं, माझ्या लेकीचे गुण सापडू देत, मी पंधरा दिवस तेलाचं बोटही तोंडात घालणार नाही.

विदादचं स्वतःचं शिक्षण म्हणजे वाणिज्य डिप्लोमा, तोही वडिलांनी दहावेळा ऐकवून पुरा करू दिलेला. लग्नाआधी सहा वर्षं ती चर्चच्या दवाखान्यात दारात बसून रोग्यांना नंबराचे बिल्ले द्यायची. तिथे डॉक्टर सुआद होत्या. बुटक्या, जाड, बोलायला फटकळ. एका दुपारी त्या पायातले बूट काढून, पाय स्टुलावर टाकून पावट्याचं सँडविच खात होत्या, तेवढ्यात पोलिसातला एक मोठा अधिकारी आपल्या आईला घेऊन आला. विदाद गडबडीने आत सांगायला गेली. डॉक्टर म्हणाल्या, "खाऊन होऊ दे." आणि तो माणूस, ज्याच्या गाडीला सगळा रस्ता वाट करून देतो, तो दारात उभा राहिला. शेवटचा घास संपेपर्यंत. बाईचं जेवण संपायची कुणी वाट बघतं, हे विदादने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. पुढे लग्न झालं, दोन मुलं पोटातच गेली, तिसऱ्या वेळी इरीनी झाली. दाईने तिला पुसून हातात दिली तेव्हाच विदादच्या मनाने ठरवून टाकलं होतं. तोंडाने ती एवढंच म्हणाली, "देवाची मर्जी."

शेवटची दोन वर्षं आई-लेकीने मिळून काढली. फिजिक्स शनिवार-मंगळवार, बायॉलॉजी रविवारी, केमिस्ट्री सोमवार-गुरुवार. इरीनी वर वर्गात, आणि विदाद खाली जिन्यात इतर आयांबरोबर, मांडीवर डबा घेऊन. घरी आल्यावर ती पुस्तक धरायची आणि इरीनी उत्तरं द्यायची. विचारून विचारून विदादलाच सगळं पाठ झालं. इथिलीनमध्ये ब्रोमीनचं पाणी घातलं की रंग उडतो, इथेनमध्ये उडत नाही, हे ती भेंडी चिरता चिरता पुटपुटायची. इरीनी म्हणायची, "मम्मा, परीक्षेला तूच बस. मी भेंडी करते."

"तुझी भेंडी खाऊन बाबा सिग्नल चुकतील."

असे ते दिवस होते. गल्लीने तर पोरीला डॉक्टरकी देऊनही टाकली होती. भाजीवाला, इस्त्रीवाला, जो तो तिला "डॉक्टरा" म्हणायचा.

आणि मग शेवटच्या वर्षी नैरूझला, म्हणजे कॉप्टिक ख्रिस्ती वर्षाच्या पहिल्या दिवशी, विदादचा थोरला भाऊ मेलाद रिवाजाप्रमाणे लाल खजूर आणि पेरू घेऊन आला. दोन खजूर खाऊन झाल्यावर म्हणाला, "इरीनीचं नाव आमच्या गावच्या शाळेत घाल. नुसतं कागदावर. शिकवण्या इथेच चालू दे. परीक्षेपुरती आमच्याकडे येऊन राहील."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? आमच्या केंद्रावर पोरांना एकटं सोडत नाहीत."

विदादला कळलं. अशी केंद्रं आहेत हे कुणाला माहीत नाही? वर्गावर देखरेख करणाराच फोनवर आलेली उत्तरं वाचून दाखवतो आणि पोरं लिहून घेतात. ती म्हणाली, "दादा, तिला गरज नाही. ती हुशार आहे."

"हुशार आहे म्हणूनच सांगतोय. हुशार पोरगी इथे दोन गुणांनी खाली घसरते आणि तिथलं गाढव तिच्या डोक्यावरून वर जातं. जागा मोजक्या. तुझ्या लेकीची जागा गाढवाला देऊन तू काय संतीण होणार आहेस?"

वगीहला विचारलं तर तो म्हणाला, "या गाडीला मी हिरवा देत नाही. लालही देत नाही." आणि चहा घेऊन बाहेर जाऊन बसला.

विदादने तीन दिवस विचार केला. स्वतःशी ती म्हणाली, आपण कुणाचं काही घेत नाही आहोत, आपलं कुणी घेऊ नये एवढंच बघतोय. सगळी शर्यत लबाडीची असेल तर आपल्याच मुलीने पायात दगड बांधून का धावायचं? बोलायला सगळं बरोबर वाटायचं. फक्त त्या महिन्यात चर्चचे पाद्री अबूना बाखूम यांच्याकडे पापाची कबुली द्यायला गेली, तेव्हा तिने बाकीचं सगळं सांगितलं, हे नाही सांगितलं. जी गोष्ट अबूनांसमोर तोंडातून निघत नाही ती काय असते, हे तिला चांगलं कळत होतं. तरीही दाखला हलवला.

इरीनी म्हणाली होती, "मला नको मम्मा. मला येतं सगळं."

"येतं तर येतं. नको कोण म्हणतंय? पण कुणी काही सांगितलं तर ऐकायचं. आपल्या मामांची माणसं आहेत."

केमिस्ट्रीच्या सकाळी मेलादच्या दारात, तिच्या हातात पवित्र रोटीचा तुकडा ठेवताना, विदादने हेच पुन्हा सांगितलं होतं. "हट्ट करू नकोस. सांगतील ते ऐक."

बुधवारी सकाळच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. असयूतच्या डोंगरातल्या मठात कुमारी आईची जत्रा, त्यामुळे डब्यात चटया, शेगड्या, कलिंगडं, आणि एका बाईच्या मांडीवर तर पिंजऱ्यासकट कबुतरं. त्या बाईने सरकून इरीनीला जागा दिली आणि विचारलं, "तुम्हीपण आईकडेच?"

"आमचंही काम तिच्याकडेच आहे," विदाद म्हणाली.

"नवस? पोरीच्या लग्नाचा?"

"मेडिकलचा."

"अरे वा! मग डॉक्टरीणबाई, माझा हा गुडघा बघा हो जरा, फुकट आहे तोवर." सगळा डबा हसला. इरीनी हसली नाही. खिडकीबाहेर उसाची शेतं मागे पडत होती आणि ती तिकडे तोंड करून बसली ती असयूत येईपर्यंत.

परीक्षा कार्यालयाच्या खोलीत लांब टेबलं मांडली होती. फोन बाहेर, पेन बाहेर. एका टेबलामागे म्हातारे तपासनीस बसले होते, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. ते म्हणाले, "बस बाळ. बसा ताई. घाई नाही, वीस मिनिटं आहेत. पाणी घ्या. उपासाला पाणी चालतं ना?"

"चालतं, उस्ताद. देव तुमचं भलं करो."

त्यांनी पत्रिकेची प्रत समोर ठेवली, शेजारी बरोबर उत्तरांचा तक्ता आणि प्रश्नपत्रिका. विदाद वाकली. निळ्या शाईच्या गोल गोल ठिपक्यांची रांग, एकही रेषेबाहेर गेलेला नाही. इरीनी लहानपणी वहीत चित्रं रंगवायची तशी. विदाद बोट खाली खाली नेत गेली आणि एकोणिसाव्या ओळीवर थांबली. एक गोल नीट भरलेला होता, त्यावर फुली मारलेली, आणि शेजारचा दुसरा भरलेला. मग तेविसावी ओळ, तिथेही तसंच. सव्वीस. तीस. तिने मोजल्या. सात फुल्या.

"उस्ताद, एकोणिसावा प्रश्न काय आहे?"

त्यांनी वाचून दाखवला. कुठल्या वायूने ब्रोमीनच्या पाण्याचा रंग उडेल? पहिल्या गोलाचं उत्तर इथिलीन. फुली मारून भरलेलं, इथेन.

"पहिलं बरोबर होतं," विदाद म्हणाली. तक्त्याकडे बघायच्या आधीच.

म्हाताऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही शिक्षिका आहात, ताई?"

"नाही. मी घरीच असते."

उरलेले सहाही तिने विचारले. सहाच्या सहा ठिकाणी आधीचं बरोबर, नंतरचं चूक. म्हाताऱ्यांनी पत्रिकेच्या वरच्या कोपऱ्यातला केंद्राचा क्रमांक वाचला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मशीनने बरोबर मोजलंय. फुलीखालचं मला मोजता येत नाही. या केंद्रावरची आज सकाळपासूनची ही अकरावी पत्रिका, ताई. सगळ्यांची हीच सात चुकलीत. कुणीतरी ही सात वाचून दाखवताना प्रश्नपत्रिकेच्या दुसऱ्याच संचातली उत्तरं वाचली असणार." मग ते इरीनीकडे वळले. "बाकीच्या दहांनी सरळ चुकीचं भरलंय. फुल्या मारलेली तू एकटीच."

 टेबलाची कड धरून ती उभी राहिली.

"तक्रार लिहायची असेल तर हा कागद," म्हातारे म्हणाले. "पण मग सगळंच लिहावं लागेल."

"नको," इरीनी म्हणाली. "सही कुठे करायची?"

बाहेर अंगणात एका लिंबाखाली बाक होता. दोघी बसल्या. सावलीतही ऊन भाजत होतं. विदादने पाण्याची बाटली उघडली, पुन्हा बंद केली.

"का खोडलंस गं?"

इरीनी म्हणाली, "त्याने वाचायला सुरुवात केली तेव्हा माझं सगळं लिहून झालं होतं. मी कानावर हात ठेवले, तर पुढची मुलगी मागे वळून म्हणाली, अगं लिही ना, तुझ्याच मामांनी केलंय सगळं. मग मला वाटलं, मीच चुकत असेन. एवढी सगळी मोठी माणसं. तू सकाळी सांगितलं होतंस, हट्ट करू नकोस."

"मी सांगितलं होतं."

"हो."

"तुला तेव्हाच कळलं होतं का? चुकलं म्हणून?"

"घरी येऊन पुस्तक उघडलं तेव्हा. त्याच दुपारी."

"मग ही हरकत का घेऊ दिलीस मला? इथपर्यंत का आणलंस?"

इरीनीने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "सगळे म्हणत होते मशीनची चूक आहे. तू पण. मला वाटलं, तू एकदा बघावंस."

 परतीच्या गाडीत मेलादचा फोन आला. विदादने मशीन बरोबर होतं एवढंच सांगितलं, तर तो भडकला, "वाचणारा कोण होता ते मला कळू दे. त्याचे दात हातात देतो!"

"त्याला काय बोलायचं, दादा? त्याला आपणच बोलावलं होतं."

मेलाद काहीतरी बोलत राहिला. विदादने फोन मांडीवर ठेवला, त्याचा आवाज तसाच येत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर ती अबूना बाखूम यांच्यासमोर बसली. वीज गेलेली, अबूना खजुराच्या पानाचा पंखा हलवत होते. इतर वेळी ती पापं आठवणीने चिठ्ठीवर लिहून नेते, आज चिठ्ठी नव्हती. तिने नैरूझच्या लाल खजुरांपासून बाकापर्यंत सगळं सांगितलं. मध्ये रडू आलं तेव्हा अबूना थांबले, पंखाही थांबला.

शेवटी त्यांनी विचारलं, "या उपासात तेल सोडलंयस म्हणे?"

"सोडलंय, अबूना."

"उद्यापासून खा. आईशी सौदा करू नये." मग त्यांनी पंखा खाली ठेवला. "देवापुढे तुझ्यासाठी मी उभा राहीन, ते माझं कामच आहे. पण पोरीपुढे मला उभं करू नकोस. तिथे तू जा. आणि उपास सुटतो त्या सणाच्या दिवशी प्रसादाला पुढे येऊ नकोस, तिच्याकडे जाऊन तिची क्षमा मिळाल्याशिवाय."

सकाळी इरीनी आपल्या खोलीत जुन्या पुस्तकांच्या थप्प्या सुतळीने बांधत होती. खाली कुणा मुलीला देऊन टाकायच्या होत्या. विदाद दारात आली. त्यांच्याकडे मठात साधू एकमेकांपुढे करतात, वडीलधाऱ्यांपुढे लहान करतात, तसा दंडवत तिने घातला. गुडघे टेकले, तळवे टेकले, कपाळ फरशीला लावलं. आईने मुलीपुढे असं केलेलं त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं.

"चुकले. मला क्षमा कर."

"मम्मा! उठ. उठ ना, गुडघा दुखतो तुझा."

"तू आधी बोल."

इरीनी खाली तिच्यासमोर बसली. सुतळीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत. "मला माहीत नाही गं. रात्री वाटतं, केली क्षमा. सकाळी उठते तेव्हा नसते. एवढ्यात विचारू नकोस."

"बरं."

"आणि मी पण हट्ट केला नाही. माझं पण आहे त्यात."

"तुझं नाही. तुझं काही नाही त्यात," विदाद म्हणाली आणि तिला जवळ ओढायला गेली. इरीनी आली, पण लहानपणी यायची तशी नाही. खांदा टेकवला, पाठ ताठच. मग दोघींनी मिळून उरलेली पुस्तकं बांधली. केमिस्ट्रीचं इरीनीने बाजूला ठेवलं.

प्रवेशाची पसंती भरायची शेवटची तारीख शनिवार होती. इरीनीने ती स्वतःच भरली, आई शेजारी बसलेली असताना, पण आईला न विचारता. पहिल्या जागी विज्ञान महाविद्यालय. वगीह कामावरून आला, कलिंगड टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "कुठली गाडी मिळाली?"

"विज्ञान. केमिस्ट्री घेईन, बाबा."

"ती गाडीपण जाते कुठेतरी," वगीह म्हणाला. मग कलिंगड कापायला सुरी शोधू लागला, आणि ती समोर असूनही त्याला बराच वेळ सापडली नाही.

संध्याकाळी जिन्यात उम्म करीमने नेहमीसारखी हाक मारली, "डॉक्टरा, ए डॉक्टरा! जरा हा दाब बघायचा पट्टा कसा बांधतात सांग गं!"

इरीनी वर जाता जाता थांबली. "बांधून देते, मावशी. पण मला इरीनी म्हणा."

उम्म करीमने पट्टा खाली केला. तिने विदादकडे पाहिलं. विदादने मान खाली घातली आणि हातातली भाकरीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. हे नाव गल्लीला शिकवायला आता बरेच दिवस लागणार होते. भाजीवाला, इस्त्रीवाला, प्रत्येकाला वेगवेगळं, आणि प्रत्येक जण का म्हणून विचारणार.

रात्रीच्या पावट्यात तिने अबूनांनी सांगितल्याप्रमाणे तेल घातलं. खाववलं नाही फारसं. सणाला अजून सहा दिवस होते, आणि त्या दिवशी ती प्रसादाला पुढे जाणार की मागच्या बाकावर बसून राहणार, हे तिच्या हातात नव्हतं. जेवण आटोपल्यावर तिने महाविद्यालयाच्या फॉर्मसोबत काय काय लागतं ते पुन्हा वाचलं. पांढऱ्या पार्श्वभूमीचे सहा फोटो लागत होते. सकाळी नऊला इरीनीला घेऊन फोटोवाल्याकडे जायचं होतं.